जाऊ दे, काका

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात, एका रविवारी दुपारी, अजमानच्या मैदानात सोमनाथने तोंडापुढे हातांची ओंजळ धरली आणि पहिली हाक दिली, "काका!"

मागून शेकडो गळ्यांनी तीच हाक उचलली. दुबईतल्या अल क्वोजच्या कामगार कॅम्पातून सहा-सात बस भरून तो माणसं घेऊन आला होता. गुहागरची, दापोलीची, खेडची. जुन्या फुटबॉल खेळाडूंचा सामना, तिकीट नव्हतं. सोमनाथने त्यांना एवढंच सांगितलं होतं, की पांढऱ्या केसांचा तो सिरिलो, पॅराग्वेचा, एके काळचा इथला हिरो. वयाने मोठा आहे, प्रेमाने काका म्हणा. माणसांनी ते मनावर घेतलं. सिरिलोच्या पायातला चेंडू समोरच्यांनी काढून घेतला तेव्हा भिवा केविलवाण्या आवाजात ओरडला, "काका, मला वाचवा!" सगळा स्टँड हसला.

सोमनाथ हसला नाही. तो सिरिलोच्या तोंडाकडे बघत होता.

बारा वर्षांपूर्वी तो याच मैदानावरच्या क्लबात बूट पुसायला आणि पाणी द्यायला होता. तेव्हा मैदानापलीकडे उंच इमारती नव्हत्या. समुद्राचा वारा थेट आत यायचा. शेजारी रत्नागिरीच्या मरियमबींची मेस होती. त्या सोमनाथसाठी तव्यावरचा एक बांगडा राखून ठेवायच्या. सिरिलो स्पेनमध्ये खेळून इथे आला होता. नाव मोठं, पाय थकलेले. एका सामन्यात त्याने पेनल्टी बाहेर मारली आणि मान खाली घालून तो बाकाकडे आला. सोमनाथने बाटली पुढे केली. हळूच म्हणाला, "जाऊ दे, काका."

घरी मोठ्या माणसाला तो असंच म्हणायचा. पण मागे बसलेले, सिरिलोचीच स्पॅनिश भाषा बोलणारे दोन खेळाडू खो खो हसले. सिरिलोने सगळ्यांदेखत सोमनाथच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, खलास. व्हिसा रद्द झाला.

का, ते कुणी सांगितलं नाही. मग गावाने स्वतःच ठरवलं. असं एकदम कुणाला परत पाठवतात का? चोरी केली असणार. रुपालीशी ठरलेलं त्याचं लग्न तिच्या वडिलांनी मोडलं. सोमनाथचे वडील भेटेल त्याला सांगायचे, पोरगा चोर नाही. मरेपर्यंत सांगत होते.

पुढे सोमनाथ दुसऱ्या कंपनीतून एसी दुरुस्तीच्या कामावर परत आला. एकदा एका स्पॅनिश कुटुंबाच्या घरात तो शिडीवर होता. खाली त्यांचं लहान पोर लंगोटाकडे बोट दाखवून "काका, काका" करत होतं. त्याची आई हसत म्हणाली, आमच्या भाषेत शी झाली की असं म्हणतात. सोमनाथही हसला. मग त्याचा पाना हातातच राहिला.

म्हणजे एवढ्यासाठी. त्या माणसाने एकदा विचारलं असतं, की काय रे म्हणालास, तर बाप सुखाने मेला असता. त्या दिवसापासून त्याने असा एखादा रविवार मनात जपला होता. एकाने म्हटलं तर राग आला ना? आता शेकडो तोंडांनी ऐक. तेही प्रेमाने म्हटलेलं; कुणाच्या कानाखाली मारशील?

अचानक सिरिलोने खेळ सोडला आणि तो स्टँडकडे चालत निघाला. सोमनाथ कठड्यापाशी सरकला. ते लाल झालेलं तोंड त्याला जवळून बघायचं होतं.

सिरिलो खाली उभा राहिला. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "ओ!"

 मग भिवाने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा ओ आली, परसातून एखाद्या काकाने द्यावी तशी. स्टँड डोक्यावर घेतला माणसांनी.

सिरिलो मोडक्या हिंदीत सांगू लागला. हे मरियमबीने शिकवलं. त्या सामन्यानंतर तिने त्याला मेसच्या दारात उभं करून झाडलं होतं. काका म्हणजे बापाचा भाऊ, आणि हाक मारली की माणसाने ओ द्यायची असते. तो क्लबात धावला, पण पोराचं विमान गेलं होतं. मरियमबीलाही गाव ठाऊक नाही, पूर्ण नाव ठाऊक नाही; क्लबवाले सांगेनात. तेव्हापासून इथे येतो तेव्हा विचारतो.

सगळ्यांत पुढे सोमनाथच उभा होता; सिरिलोला तो कुणी दाढीवाला. सिरिलोने त्यालाच विचारलं, "सोमू बोलते थे उसको. वो लड़का किधर है, भाई? मालूम?"

सोमनाथने त्या म्हाताऱ्या डोळ्यांत नीट बघितलं.

"मालूम है," तो म्हणाला. "मर गया."

सिरिलोने कठडा धरला. उरलेला सामना तो खेळला नाही. पॅराग्वेला परतला, तो पुन्हा अमिरातीत आला नाही. जाण्याआधी त्याने मरियमबींच्या मुलाकडे, मुश्ताककडे, निरोप ठेवला होता, की सोमू गेला. मरियमबी आता रत्नागिरीला असतात. निरोप पोचला त्या दिवशी त्यांनी ताटातला बांगडा बाजूला सारला. भिवाने परतीच्या बसमध्ये विचारलं, तू ओळखायचास का रे त्या पोराला? सोमनाथ हो म्हणाला. 

सोमनाथ अजून अल क्वोजलाच आहे. भावाची समिधा बोलायला शिकली आहे. गावाहून फोन लागला की ती मोठ्याने हाक मारते, "काका!" तो फोन कानाला धरून असतो. ओ देत नाही.