लालटेन काका

"बाबा आठवतात का, असं पाहुण्यांनी इचारलं तं काय सांगशीन?" शकुबाईंनी लेकीला विचारलं.

"नाही आठवत. फोटोतलेच ठावूक."

"अन् टीव्ही?"

"तो बंदच पाहिला मी," शैला पाठ केल्यासारखं म्हणाली आणि पदराला पिन लावू लागली.

बाहेरच्या खोलीत शटरचा जुना टीव्ही आपल्या चार लाकडी पायांवर उभा होता. शकुबाईंनी त्यावर चादर टाकली आणि वर फुलदाणी ठेवली. पाय मात्र झाकले जाईनात.

आज शैला चोवीस वर्षांची होती. खरी एकतीसची. अंगाने चवळीची शेंग, त्यामुळे सात वर्षं सहज खपून जात. बाबा गेल्यावर शकुबाईंना त्यांच्या जागी पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसात चपराशी म्हणून घेतलं, आणि घर, स्वयंपाक, धाकट्या भावाचं शिक्षण सगळं शैलाच्या गळ्यात पडलं. भाऊ इंजिनियर होऊन राउरकेल्याला गेला, तोवर हिचं वय कोणाला न विचारता पुढे निघून गेलं होतं.

मागच्या वर्षी वर्ध्याच्या पाहुण्यांशी सगळं जुळत आलं होतं. मुलाच्या आत्याने सहज टीव्हीवरच्या लालटेन काकाचा विषय काढला आणि शैला हुरळून बोलत सुटली. आत्याने मनातल्या मनात हिशेब केला. तो कार्यक्रम सत्त्याहत्तर साली लागायचा आणि वर्षभरात बंदही पडला होता; सांगितलेल्या वयाची पोरगी तेव्हा पाळण्यातच असायला हवी होती. चहा संपायच्या आत पाहुणे उठले.

लालटेन काका म्हणजे कापडाचा एक बाहुला, म्हातारा, हातात कंदील. तेव्हा अख्ख्या गल्लीत टीव्ही फक्त शैलाकडे होता. संध्याकाळी पोरं जमायची, बाबा त्यांच्यासाठी पोती अंथरायचे आणि स्वतः गच्चीवर चढून अँटेना फिरवायचे. "दिसून राह्यलं का?" ते वरून ओरडायचे. "नाही बाबा, मुंग्याच हायेत!" शैला खालून सांगायची. गोष्ट संपली की काका म्हणायचा, "तेल कम है, बच्चो!" मग सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "फूँक मारो, काका!" काका फुंकर मारायचा आणि पडदा काळा व्हायचा.

इस्पितळात, शेवटच्या दिवसांत, बाबा खाटेवरून हसून तेच म्हणाले होते. तेल कम है. शैला बारा वर्षांची होती. उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं, पण फुंकर मारा म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

चोवीसचं व्हायचं म्हणजे बाबा गेले तेव्हा आपण पाच वर्षांच्या होतो, असं सांगणं आलं. पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार? सात वर्षं खोडताना बाबाच खोडले जात होते, आणि हे तिच्या जिवाला फार लागायचं.

दुपारी देवाजी मामा गोंदियाहून मुलगी पाहायला एका मुलाला घेऊन आले. नातं लांबचं, त्यामुळे शैला चोवीसची हे त्यांनाही खरंच वाटत होतं. मुलगा शामसुंदर, बालाघाटला मास्तर. वय 'तिशीचा' सांगितलं होतं, पण कानांजवळचे केस पिकलेले होते. माणूस मोजकंच बोलणारा. त्याची नजर सारखी त्या लाकडी पायांवर जात होती.

"शटरवाला टीव्ही न हा?" त्याने विचारलं.

"बंद पडला हाय कवाचा," शकुबाई घाईने म्हणाल्या.

"मी मामाच्या गावी शिकाले होतो, रायपूरजवळ. तिथं पंचायतीत सरकारनं टीव्ही बसवला होता." तो शैलाकडे वळला. "लालटेन काका लागे. तुमी पाह्यला असंल?"

शैलाने आईकडे पाहिलं. "नाही."

"शेवटी तो म्हणे, तेल कम है, बच्चो..." तो थांबला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

शकुबाईंनी घाईने चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवली. एकोणीस वर्षं गळ्यात अडकलेलं ते उत्तर पुन्हा वर आलं.

"मला नाही माहीत," शैला म्हणाली. "मी तेव्हा खूप लहान असेन."

"तुमचे बाबा काही सांगत असतीन न, त्या टीव्हीचं?"

"बाबा मला आठवत नाहीत."

"असू द्या," तो म्हणाला, आणि बशीतला उरलेला चिवडा मुकाट्याने संपवला.

पाहुणे गेल्यावर शकुबाईंनी दाराला कडी घातली. "लय खोदून पाह्यलं त्यानं! पण तू पक्की निंगाली माय," त्या म्हणाल्या आणि तिच्या तोंडात साखर घातली. साखर तोंडात तशीच ठेवून शैला मागच्या अंगणात गेली आणि बाबांसाठी पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता. लग्न झालं की एक दिवस त्याला सगळं खरं सांगायचं, त्याने 'तेल कम है' म्हटलं की मोठ्याने ओरडून उत्तर द्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं. आठवडाभर ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

रविवारी देवाजी मामा एकटेच आले. शैला दाराआड उभी राहिली.

"पोरगी आवडली त्याले, ताई. घरबी आवडलं."

"मंग अडलं कुठं?"

"मलेच बोलला तो! म्हणते, मामाजी, मी चौतीसचा, तुमी तिशीचा कावून सांगतलं? पोरगी लय लहान हाय म्हणते. माह्या लहानपणातलं तिले काहीच ठावूक नाही, जिंदगीभर बोलू काय तिच्यासंगं?" देवाजींनी कप खाली ठेवला. "तीस-बत्तीसची असंल तं आजच हो म्हणतो म्हणते. तुमच्या वळखीत हाय का कोणी तशी?"