रांजणाचं झाकण

युनियनच्या पुढाऱ्यानं आणलेली चिठ्ठी टराटरा फाडून आणि त्याला गेटाबाहेर काढून गिरणीचे मॅनेजर आबाजीपंत कामगारांवर कडाडले, "ज्याची तक्रार असेल, त्यानं स्वतः येऊन सांगायची!"

दुसऱ्या दिवशी सातशे कामगार माग बंद करून त्यांच्या खोलीपुढं रांगेत उभे. एकेक जण आत येई आणि तेच सांगे, "पाण्याच्या रांजणाला झाकण न्हाय, रुई पडती." कुणी मराठीत, कुणी कानडीत, कुणी तेलुगूत. दुपारी साठाव्यानंही तेच सुरू केलं, तसं आबाजीपंतांचं डोकं पार उठलं. ते ओरडले, "अरे, सगळ्यांच्या वतीनं बोलेल असा एकच माणूस पाठवा ना!"



रांगेतली नागव्वा म्हणाली, "त्येलाच की वो सायेब, तुमी काल गेटाभाईर हाकललं."