मोकळं नाक

"डॉक्टर, ऑपरेशन तुम्ही नाकाचं केलंत, पण बिघडले माझे डोळे," साहेब म्हणाले.

नाकात वाढलेलं मांस कमी केल्यापासून साहेबांचा श्वास मोकळा झाला होता. जिना चढतानाची घरघर पार गेली होती.

"डोळ्यांना काय होतंय?"

"भलतंसलतं दिसतंय हो. ऑफिसात शिरलो की हेडक्लार्क टेबलावर डोकं टेकून घोरताना दिसतात. कोपऱ्यात दोघं पत्ते कुटतायत, टायपिस्टबाई स्वेटर विणतायत. सोन्यासारखी माणसं माझी. इतक्या वर्षांत एकाचीही मान कधी वर दिसली नाही."

"तुमची ती घरघर कुठवर ऐकू जायची?"

"बायको म्हणते, खालच्या फाटकापर्यंत." साहेब गोंधळले. "पण त्याचा डोळ्यांशी काय संबंध?"

डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले.

साहेब गेल्यावर ते बराच वेळ आपल्या करकरणाऱ्या बुटांकडे बघत बसले. मग बूट काढून, नुसत्या मोज्यांवर, नर्स-कंपाउंडरांच्या खोलीकडे निघाले. दाराशी पोचले, जरा घुटमळले. तसेच मागे फिरले, बूट चढवले आणि नेहमीसारखे करकरत बाहेर गेले.

सगळे कामात होते.