अमृत वकिलांचा नियम

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर, असं शिपाई सांगून गेला, तेव्हापासून अमृत वकील कोर्टाच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते. दोनदा चहा मागवला आणि दोन्हीदा अर्धा टाकला.

बाकावर आरोपीची आई कडूबाई बसली होती. वाल्मिक तिचा एकुलता एक. मागच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी भर दुपारी, कोल्हारात राजेश्वरीबाई नावाच्या शिक्षिकेच्या गळ्यातली पोत कुणीतरी हिसकावली. बाई पडल्या, हात मोडला. चार दिवसांनी त्यांनी वाल्मिकला ओळखलं. जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून पोरगा तेव्हापासून आतच होता.

"साहेब, सुटंल ना?" कडूबाईने विचारलं.

"बघू या, मावशी."

"तुमी हाय म्हनून मला घोर न्हाई."

वकिलांना मात्र घोर होता. ते पुन्हा चालायला लागले.

डॉक्टर आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात. अमृत वकिलांचं उलटं होतं. अशिलाला ते पहिल्याच भेटीत बजावायचे, "तू केलंस की नाही, ते मला सांगायचं नाही. ते ठरवायला कोर्ट आहे." गरिबाची बाजू घ्यायला तो निर्दोष असावा लागत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. पैसेवाल्याला त्याचा वकील असं कधी विचारतो का? मग गरिबालाच का विचारायचं? हे ते सभांमधून सांगत आणि टाळ्या घेत. पण नुसते टाळ्यांपुरते नव्हते. असे कितीतरी खटले त्यांनी फुकट लढवले होते.

वाल्मिक पहिल्या भेटीत "साहेब, त्या दिवशी मी" एवढंच म्हणाला होता. वकिलांनी हात वर करून त्याला थांबवलं. कडूबाई त्यांच्या राहुरीच्या ऑफिसात आली, तेव्हा तिलाही तेच.

"मावशी, सगळ्यांच्या आया एकच सांगतात. मला काही सांगू नका."

म्हातारीने मान डोलावली. नंतर दर वेळी येऊन वकिलांच्या खुर्चीमागच्या फोटोकडे बघत राहायची. बेलापूरच्या सभेतला मोठा फोटो होता तो. वकील माईकसमोर, हात उगारलेला, डोक्यावर वाऱ्याने फुगलेलं कापड. कडेला कुणाचा तरी खांबावरचा हात आला होता, तेवढा कापायला फ्रेमवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं. म्हातारी फोटो बघून हसायची. आपल्यावर एवढी भक्ती बघून वकिलांनाही बरं वाटायचं.

केस त्यांनी जीव तोडून लढवली. वाल्मिक मंडपवाल्याकडे कामाला होता. चोरीच्या आठवडाभर आधी तो राजेश्वरीबाईंच्याच गल्लीत लग्नाचा मांडव घालायला गेला होता. वकिलांनी ते बरोबर पकडलं.

"बाईंनी हा चेहरा पाहिलाय, पण मांडवाखाली पाहिलाय," ते कोर्टाला म्हणाले. "चेहरा ध्यानात राहतो, कुठं पाहिला ते राहत नाही. कुणाचंही असं होतं. आणि त्या दिवशी रस्त्यावर मिरवणूक, शेकडो पोरं निळे फेटे बांधलेली. त्यात एक चेहरा कसा ओळखणार?"

राजेश्वरीबाई मात्र हटल्या नाहीत. कोर्टाने वाल्मिकला प्रश्न विचारले, तेव्हा त्याने वकिलांनी पढवल्याप्रमाणे प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "खोटं हाय." त्याच्या पुढे एक शब्द नाही. पोरगा मोठा आज्ञाधारक.

आणि वकिलांची खरी तगमग वेगळीच होती. वाल्मिकला त्यांनीही कुठंतरी पाहिलं होतं. कुठे, ते काही केल्या आठवत नव्हतं. एखाद्या जुन्या चोरीत, एखाद्या मारामारीत? सराईत असेल तर असो, नियम तो नियम, असं ते स्वतःला बजावत. तरी जेवताना घास हातात राही आणि तो चेहरा समोर येई.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी निकाल वाचला. शिक्षिकेने आरोपीला ठामपणे ओळखलं आहे, आरोपी तेव्हा दुसरीकडे होता असं बचाव पक्षाचं म्हणणंही नाही. तीन वर्षं सक्तमजुरी.

वाल्मिक रडला नाही. तो वकिलांकडे बघत राहिला, अजून काहीतरी व्हायचं बाकी आहे अशा नजरेने.

बाहेर पोलिसाने दोन मिनिटं दिली. कडूबाई भिंतीला धरून उभी होती. वकील तिच्याजवळ गेले.

"आपण वर अपील करू," ते म्हणाले. "मी सोडणार नाही."

"साहेब," वाल्मिक हळूच म्हणाला, "आता तरी सांगा की जजसाहेबास्नी."

"काय सांगू?"

वाल्मिकने आईकडे पाहिलं. आई वकिलांकडे बघत होती.

"आमाला वाटलं तुमी शेवटाला राखून ठिवलंय," ती म्हणाली. "म्हनून तर आमी तुमालाच वकील मागून घेतलं."

"काय राखून ठेवलंय, वाल्मिक? कुठं होतास तू त्या दिवशी?" अमृत वकिलांनी अशिलाला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

"आसं काय करता, साहेब? जयंतीला बेलापुरात तुमचं भाषन न्हवतं का? भर दुपारची वावटळ आली, मंडप उडाया लागला, तरी तुमी थांबला न्हाई. भाषन सपंस्तवर तुमच्या डोक्यावरल्या कापडाचा खांब धरून मीच उभा हुतो की."