रुळांवरची वाळू

हरकमान दाजूंची (नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ) सारी हयात कोळशाच्या इंजिनावर गेलेली. निवृत्तीला आले, तेव्हा त्यांना माझ्या डिझेलवर सहायक म्हणून पाठवलं. तेव्हापासून डोंगरातल्या घूम स्टेशनच्या चढावर आमचं भांडण ठरलेलंच.

"तुमच्या कोळशाच्या म्हातारीचे लाड किती!" मी म्हणालो. "एकजण कोळसा फोडणार, दोघं पुढे नाकावर बसून मुठीमुठीने रुळांवर वाळू टाकणार. माझी बघा, ना वाळू, ना माणसं; बटण दाबलं की निघाली."

"धुक्यात रूळ ओले झाले की घसरतेही," दाजू म्हणाले. "वाळूवाले लागतातच, पोरा."

आणि चाकं खरोखरच जागच्या जागी फिरू लागली. गाडी मागे सरकली. डब्यात बायका किंचाळल्या. मी ब्रेक दाबला, पण ती थांबेना.

तेवढ्यात चाकांखाली करकर वाजलं. गाडी सावरली, चढू लागली.

मी वाकून पाहिलं. रुळांवर कोरडी, ताजी वाळू पडत होती. इंजिनाचं नाक धुक्यात बुडालं होतं.

"पुढे कोण बसलंय?"



मग बाहेरून पत्र्यावर तीन थापा पडल्या. दाजूंचा चेहरा उतरला.

"वाळू संपली की वाळूवाले असंच वाजवतात."

"मग तुम्ही काय करायचात?"

"घमेलं भरून द्यायचो."

चाकं पुन्हा घसरू लागली. थापा पुन्हा पडल्या, या वेळी माझ्या खांद्याजवळ. आणि खिडकीतून एक गंजलेलं, रिकामं घमेलं आत आलं.