याच्यान खोटा काय न्हाय

दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती आणि दोन्हींवर आक्काच हसत होती. तोच फोटो, तीच नथ, लाल अक्षरांत तेच नाव: आक्काचा आगरी मसाला.

"यातलं तुमचं कोणतं?" तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी विचारलं.

आक्काने दोन्ही फोडली. पहिल्यातली चिमूट जिभेवर ठेवली, मान हलवली. दुसरी ठेवली आणि लगेच गोदामाच्या दारात जाऊन थुंकून आली.

"ह्यो माजा. त्यो माजा न्हाय. त्याच्यान मसाला कमी न् कापडाचा रंगच जास्ती हाय."

"आक्का, चव पंचनाम्यात लिहिता येत नाही."

बाई काही वाईट नव्हत्या. पण मानकोलीच्या एका लग्नाच्या हळदीत जेवलेली तीस माणसं आजारी पडली होती, आणि त्या स्वयंपाकातलं रिकामं पाकीट आक्काच्या नावाचं निघालं होतं. माग काढत सगळे वळ गावच्या या गोदामात पोचले, तर इथे दोनशे खोकी रचलेली. आक्काने यातली चाळीसच पाठवली होती. आता खरी-खोटी वेगळी करून दाखवता आली नाहीत, तर सगळीच्या सगळी आक्काची धरली जाणार होती आणि मसाल्याचा परवाना आजच बंद होणार होता.

गोदामवाला दौलतशेठ खुर्चीत पायावर पाय टाकून बसला होता. "मॅडम, सगळा माल यांच्याच घरून आला. मी आपला ठेवणारा आणि विकणारा. यांच्या मिरचीत काय असतं, मला काय ठाऊक?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आक्काने फोडलेलं आपलं पाकीट दुमडून बंद केलं. उन्हात मिरच्या वाळवून वाळवून रापलेला तिचा चेहरा, पण आज पहिल्यांदाच उतरला होता.

तिच्या शेजारी तिची सून उभी होती, उन्नती. शाळेत मराठी शिकवते. माहेर काल्हेरचं, म्हणजे बोली सासरचीच, पण डी.एड. झाल्यापासून तिच्या तोंडून 'हाय' गेलं ते गेलंच, घरातसुद्धा ती 'आहे' म्हणते. सासूचं तिच्यावर प्रेम, तिचं सासूवर, भांडण एकाच गोष्टीवरून. पाकिटाच्या तळाशी आक्काने स्वतः सांगून छापून घेतलेली एक ओळ होती: 'याच्यान खोटा काय न्हाय.'

"आई, लोक हसतात. मुलं वर्गात मला विचारतात," असं उन्नतीने किती वेळा सांगितलं असेल. आक्काचं उत्तर ठरलेलं. "आमी बोलतो तसाच लिवला हाय. हसूदे."

उन्नतीने पहिलं पाकीट हातात घेतलं. ओळीवर नजर गेली आणि नेहमीसारखी अडखळली. मग दुसरं घेतलं. तिथे मात्र नजर सरळ पुढे निघून गेली. कुठे टोचलं नाही, लाल पेनाची आठवण झाली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

ती थांबली. पुन्हा वाचलं. 'याच्यात खोटे काही नाही.'

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत लागला, "नकली माल ओळखायचा तर तळाची ओळ वाचा. ज्याच्यावर मराठी बरोबर आहे, ते पाकीट खोटं."

दौलतशेठ हसला. "वा! घरात मराठीच्या बाई, त्यांनीच दुरुस्त करून घेतलं असणार. आणि आता आमच्यावर ढकलायचं?"

"ती सांगत व्हती," आक्का म्हणाली. "मीच आयकला न्हाय."

अधिकारी बाईंनी फाईल उघडली. नाव आणि पाकीट कोणी चोरू नये म्हणून आक्काने ज्या नोंदणीसाठी वर्षभर खेटे घातले होते, तिचा कागद त्यात होता, वर पाकिटाची छापील प्रत चिकटवलेली. बाईंनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हलकेच वाचलं, "न्हाय." मग त्या दौलतशेठकडे वळल्या. त्याचा वरचा पाय केव्हाच खाली आला होता.

खोकी उघडली गेली. 'न्हाय' एका बाजूला, 'नाही' दुसऱ्या बाजूला. 'न्हाय'ची चाळीस भरली, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आक्का प्रत्येक खोक्यावरून हात फिरवत होती.

बाईंसोबत आलेला हवालदार पंचनामा लिहायला बसला. बाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. अस्सल पाकिटावरची ओळ आली तेव्हा उन्नती त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"दादा, नाही नव्हे. न्हाय."

त्याने सवयीने लिहिलेला शब्द खोडला. "कसं लिहायचं ते?"

"अर्धा न, त्याला हा जोडा. पुढे य."

दर शनिवारी शुद्धलेखनाच्या वह्यांमध्ये ज्या शब्दाला ती लाल गोल करायची, तो तिने सरकारी कागदावर अक्षर अक्षर सांगून लिहून घेतला. हवालदाराने लिहिलं, पण पेन त्या शब्दावरच टेकवून विचारलं,

"बाई, हे वर साहेब वाचणार. शुद्ध आहे ना?"

उन्नतीने आक्काकडे पाहिलं. मग त्या चाळीस खोक्यांकडे.

"शुद्ध हाय," ती म्हणाली.