खिडकीबाहेरचा आक्षेप

दारावर चिकटवलेला कागद ओस्मोने आधी चष्म्याशिवाय वाचला, मग चष्मा लावून वाचला. दोन्ही वेळा तेच लिहिलं होतं. नव्या साथीच्या प्रदेशांतून नुकतेच परतलेल्यांनी विद्यापीठाच्या इमारतीत येऊ नये. खाली यादी होती. यादीत उत्तर इटली होती, ऑस्ट्रिया नव्हता.

"मी तिरोलला होतो, गेल्या आठवड्यात," तो म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं. आम्हा फिनलंडवाल्यांची ही जुनी खोड. गप्प बसलो तर दिवसच्या दिवस गप्प, आणि तोंड उघडलं की नेमकं स्वतःला गोत्यात आणणारं खरं बोलून मोकळे.

इमारतीच्या किल्ल्या सांभाळणारी सिर्का टेबलामागून म्हणाली, "तिरोल म्हणजे ऑस्ट्रिया. यादीत नाही. चला, कोट तिथे अडकवा. तुमच्या पोरीची डॉक्टरेटची परीक्षा सुरू होईल आता."

"पण एक दिवस स्कीवरून डोंगर ओलांडला. पलीकडे एका झोपडीत सूप प्यायलो."

"पलीकडे म्हणजे इटलीत?"

"तेच तर कळत नाही. सीमेची पाटी असेल तर बर्फाखाली असेल."

"सूप देणारी बाई काय बोलत होती?"

"जर्मन."

"मग झालं! ऑस्ट्रियाच."

"इटलीकडच्या तिरोलमध्येही जर्मनच बोलतात म्हणे."

"पैसे कुठले दिलेत?" असं विचारता विचारता सिर्काच्याच लक्षात आलं, की युरो दोन्हीकडे चालतात. तिने कपाळावर हात मारला. "अहो, मग सूप कसलं होतं ते तरी आठवा!"

"गरम होतं," ओस्मो म्हणाला.

तिने फोन लावला. विद्यापीठाची परिचारिका म्हणाली, शंका असेल तर थांबवा. कुलगुरूंच्या कार्यालयातून सांगितलं, यादीत नाव नसेल तर सोडा. तिसऱ्या नंबरवर नुसतं संगीत वाजत राहिलं. "आणि गंमत बघा," सिर्का फोन ठेवत म्हणाली, "डॉक्टरेटची परीक्षा जाहीर असते. नियमाने दार सगळ्यांना उघडं. नव्या नियमाने तुम्हाला बंद. मी तरी काय करू?"

तेवढ्यात सैला आली. काळा झगा, केस घट्ट बांधलेले. "बाबा, तू इथे काय करतोयस? पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय." ती मिठी मारायला पुढे झाली तसा तो मागे सरकला.

"जवळ येऊ नकोस. मी इटलीत सूप प्यायलोय. बहुतेक."

"बहुतेक?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"बाबा, त्या दालनात माझं म्हणावं असं दुसरं कोण आहे रे?"

आत पहिल्या रांगेत ऐंशीच्या घरातले निवृत्त प्राध्यापक बसलेले ओस्मोला दारातून दिसत होते. माहीत नाही म्हणून आत जावं, की माहीत नाही म्हणून बाहेर राहावं? डोक्यात नुसता गोंधळ. अखेर त्याने कानटोपी घातली आणि तो बाहेर पडला. त्याला फार वाईट वाटलं.

इमारतीला वळसा घालून, नडगीभर बर्फातून तो दालनाच्या खिडकीशी पोचला. तिथून सैला दिसत होती. तिचे ओठ हलत होते. दुहेरी काचेतून शब्द मात्र एकही ऐकू येत नव्हता. स्वीडनहून आलेला परीक्षक कालच शेकडो प्रवाशांबरोबर बोटीने उतरला होता, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मधेच आत कुणीतरी खोकलं आणि झाडून सगळ्या माना तिकडे वळल्या. ओस्मो उभाच राहिला. पायांची बोटं बधिर झाली, पण तो हलला नाही.

शेवटी सैला उठली आणि श्रोत्यांकडे वळली. आमच्याकडे रिवाजच आहे. उमेदवाराने स्वतःच विचारायचं, ज्यांना माझ्या प्रबंधाविरुद्ध काही म्हणायचं असेल त्यांनी सभापतींकडे परवानगी मागावी. कुणी मागत नाही. बाहेर केक कापून ठेवलेला असतो.

ओस्मोला एवढंच दिसलं, की पोरगी इतक्या वेळाने त्याच्याकडे बघतेय. त्याने हात वर केला.

मागे लांब शेपट्या असलेला काळा कोट घातलेले सभापती, प्राध्यापक वाइनियो, यांनी तो हात पाहिला. ते गोंधळले. त्यांनी परीक्षकाकडे पाहिलं, परीक्षकाने छताकडे. पण हात तो हात. वाइनियो चालत गेले आणि खिडकीच्या कडेची हवेसाठी असते ती अरुंद झडप त्यांनी उघडली. थंड हवा आत घुसली.

"आपला आक्षेप काय आहे?"

ओस्मोने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मला?" तो म्हणाला. मग त्याने थोडा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "मला काहीच ऐकू आलं नाही."

दालनात कुणी हसलं नाही. वाइनियोंनी घसा खाकरला, मग आपण खाकरलो म्हणून ओशाळून रुमाल तोंडाशी धरला. "आक्षेपाला उमेदवाराने उत्तर द्यायचं असतं," ते सैलाला म्हणाले. "द्या."

सैला कागद घेऊन खिडकीकडे आली आणि चार हात अलीकडे थांबली. डोळे भरले होते, आवाज तेवढा ताब्यात होता. तिने प्रबंधाचं पहिलं पान काढलं.

"आमच्या घरामागे एक तळं आहे," तिने वाचायला सुरुवात केली.

ओस्मोने कानटोपी वर सारून कानामागे हात धरला.

"तळं माहीत आहे गं मला," तो म्हणाला. "पुढचं सांग. आणि जरा मोठ्यानं."